हिमाचे उतार वाचायला शिकवणारा गुरू

नोव्हेंबरच्या आसपास आल्प्सच्या माथ्यांवर हंगामाचे हिम साचू लागते. खालच्या खोऱ्यांत गवत अजून पिवळे असते, पण वरचे उतार पांढरे होऊ लागतात आणि वर्षभर वाट पाहणाऱ्या गिर्यारोहकांची व स्कीपटूंची पावले तिकडे वळतात. हिम अजून थोडे आहे, तेव्हा धोकाही थोडाच असणार, असा एक सोपा हिशेब अनेकांच्या मनात असतो. दिसायला बिनचूक वाटणारा हा हिशेब पर्वतांत आजवर अनेकांच्या प्राणांवर बेतला आहे. हिमाच्या उतारावर जाण्यापूर्वी तो उतार समजून घेतला पाहिजे, हा विचार युरोपात ज्यांनी रुजवला, त्यांत माथियास झडार्स्की यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. आल्पाइन स्कीइंगचे एक जनक म्हणून जग त्यांना ओळखते. हिमस्खलनाचे अभ्यासक म्हणून त्यांनी केलेले काम मात्र त्या कीर्तीच्या सावलीत काहीसे झाकले गेले. वास्तविक या दोन कामांचा एकमेकांशी निकटचा संबंध आहे. ज्या माणसाने लोकांना तीव्र उतारांवर नेले, त्यालाच तेथून सुखरूप परत कसे यावे, हेही शिकवावे लागले.

गिरणीवाल्याचा मुलगा

झडार्स्की यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ रोजी मोराव्हिया प्रांतातील त्रेबिच गावाजवळच्या कोझिखोविट्से या खेड्यात झाला. हा भाग आज झेक प्रजासत्ताकात आहे. त्या काळी तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील पिठाची गिरणी चालवीत. लहानपणी झालेल्या एका स्फोटात माथियास यांचा डावा डोळा गेला. एका डोळ्याने अंतराचा आणि खोलीचा अंदाज घेणे कठीण असते, आणि बर्फाळ उतारावर तर हा अंदाज पदोपदी लागतो. पुढे ज्या विद्येत त्यांनी नाव कमावले तिचा विचार करता या उणिवेचे महत्त्व लक्षात येते.

शिक्षण पुरे करून ते शिक्षक झाले. चित्रकला आणि शिल्पकला यांतही त्यांना गती होती. व्यायाम आणि शरीराची शिस्त हा त्यांच्या आवडीचा विषय होता. तथापि शाळेच्या चाकोरीत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १८८९ मध्ये त्यांनी लोअर ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड गावाजवळ, हाबर्नराइथ नावाची डोंगरातली एकाकी वाडी घेतली आणि तेथेच मुक्काम ठोकला. आवश्यक तेवढ्या सोयी, भरपूर श्रम आणि स्वतःचे प्रयोग, असे त्यांचे तेथील जीवन होते.

नॉर्वेची फळी, आल्प्सचा उतार

त्याच सुमारास युरोपात एका साहसाची चर्चा होती. नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीच्या साहाय्याने ग्रीनलंडचे हिमाच्छादित पठार ओलांडले होते. त्या मोहिमेचा वृत्तान्त वाचून झडार्स्की यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या हाती आल्या तेव्हा अडचण समोर उभी राहिली. जवळपास तीन मीटर लांबीच्या त्या फळ्या नॉर्वेच्या लांबच लांब, सौम्य चढउतारांसाठी घडवलेल्या होत्या. पायाची टाच त्यांवर मोकळी राही. हाबर्नराइथच्या अवतीभवतीचे उतार होते तीव्र, अरुंद आणि झाडीने भरलेले. तेथे अशा फळीवर वळणे अवघड आणि थांबणे त्याहून अवघड होते.

शिकवणारा कोणी नव्हता. तेव्हा एकट्यानेच, अनेक हिवाळे, झडार्स्की पडत-उठत शिकत राहिले. फळ्यांची लांबी त्यांनी कमी केली. पाय फळीला घट्ट धरून ठेवणारी, पण टाच उचलू देणारी धातूची बांधणी त्यांनी तयार केली. त्यासाठी सुमारे २०० प्रयोग केल्याचे सांगितले जाते. हातात एकच लांब काठी घेऊन, शरीराचा तोल एका फळीवरून दुसरीवर नेत, वळणे घेत उतरण्याची पद्धत त्यांनी बसवली. १८९६-९७ च्या हिवाळ्यात या पद्धतीचे त्यांचे पुस्तक हॅम्बर्गहून प्रसिद्ध झाले. तीव्र उतारांसाठीच्या स्कीतंत्राची पद्धतशीर मांडणी करणारे पहिले पुस्तक म्हणून ते मानले जाते.

नॉर्वेतील जाणकारांना हा प्रकार रुचला नाही. स्कीची कला आपली, तिच्यात सुधारणा सुचवणारा हा मध्य युरोपातील गृहस्थ कोण, असा त्यांचा सूर होता. ऑस्ट्रियातही विरोधक होतेच. लष्करी अधिकारी गेऑर्ग बिल्गेरी यांनी दोन काठ्यांच्या तंत्राचा पुरस्कार केला. दोघांतील वाद द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत जाऊन पोहोचला. काळाने या वादात बिल्गेरी यांच्या दोन काठ्यांच्या बाजूने कौल दिला, हे मान्य केले पाहिजे. झडार्स्की मात्र आपल्या एका काठीला अखेरपर्यंत चिकटून राहिले. त्यांच्या स्वभावातील हट्ट हे त्यांचे बळ होते, तशीच ती त्यांची मर्यादाही होती.

शिस्तीचा वर्ग

१९०० मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्कीपटूंचा संघ स्थापन झाला. व्हिएन्नाहून सुट्टीच्या दिवशी आगगाडीने येणाऱ्या हौशी मंडळींना ते लिलिएनफेल्डच्या उतारांवर शिकवीत. हजारो लोक त्यांच्या हाताखालून गेले. या शिकवणीचे ते पैसे घेत नसत, पण शिस्तीत सूट देत नसत. गुरूच्या आज्ञेशिवाय कोणी उताराला लागायचे नाही, दोघांत ठरलेले अंतर सोडायचे आणि सर्वांत संथ माणसाच्या गतीने सर्वांनी चालायचे, असा त्यांचा दंडक होता. १९ मार्च १९०५ रोजी लिलिएनफेल्डजवळच्या मुकेनकोगेल डोंगरावर त्यांनी ८५ दारांची शर्यत घेतली. २४ स्पर्धक तिच्यात उतरले. त्यांत एक महिलाही होती. आजच्या स्लालम शर्यतींची सुरुवात पुष्कळ जण येथूनच धरतात. ही शर्यत वेगापेक्षा उतारावरील ताब्याची परीक्षा होती. वाटेल तेथे वळता आणि थांबता यावे, हे झडार्स्की यांच्या तंत्राचे सार होते.

या यशाच्या पोटात एक नवा धोका दडलेला होता. पूर्वी हिवाळ्यात पर्वतांत जाणारे लोक मुख्यतः तेथलेच रहिवासी असत. कोणती घळ टाळावी आणि कोणत्या कड्याखालून जाऊ नये, हे त्यांना पिढीजात ठाऊक असे. नव्या तंत्राने शहरातील माणूस या उतारांवर आला. त्याच्या पायांत कौशल्य होते, परंतु हिमाची ओळख नव्हती. त्यात सुमारे ३० ते ४५ अंशांचे उतार स्कीसाठी सर्वांत आनंददायक, आणि हिमाचे थर सुटून कोसळण्याचे प्रमाणही याच उतारांवर सर्वाधिक. झडार्स्की यांच्या आयुष्यातील पुढचा अध्याय समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

थोडे हिम, मोठा धोका

हिम जमिनीवर पडले की स्वस्थ बसत नाही. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर होतो आणि हवामानाप्रमाणे त्या थराचे रूप पालटत जाते. हंगामाच्या प्रारंभी, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या काळात, जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. तिच्यावर हिमाचा पातळ थर असतो आणि वर निरभ्र रात्रीची कडाक्याची थंडी असते. पातळ थराच्या तळाशी आणि पृष्ठभागाशी तापमानात मोठी तफावत पडते. त्यामुळे तळातील बाष्प वरच्या दिशेने सरकते आणि आतले कण मोठे, कंगोरेदार, एकमेकांना न चिकटणारे बनतात. मुठीत घेतले तर ते जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. सावलीतल्या, विशेषतः उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर हा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो.

त्यानंतर मोठी हिमवृष्टी होते. वारा ते हिम एका बाजूने उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो आणि दाबून त्याची घट्ट फळी बनवतो. फरशीवर मोहरी सांडावी आणि तिच्यावर तिरपा पाट ठेवावा, तशी ही अवस्था असते. कोणी पाय ठेवीपर्यंत फळी स्थिर दिसते. माणसाचे वजन पडले की खालचा भुसभुशीत थर क्षणात दबतो, तडा दूरवर धावत जातो आणि सबंध उतार एकदम सुटतो. अशा हिमस्खलनात सापडणारा माणूस किंवा त्याचा सोबतीच बहुतेक वेळा त्याला कारण ठरलेला असतो.

प्रारंभीच्या हंगामात आणखीही संकटे असतात. हिम कमी असल्याने खडक आणि झाडांचे बुंधे जेमतेम झाकलेले असतात. लहानसे स्खलनही माणसाला त्यांवर आपटून ठार करू शकते. हिमनद्यांवरील भेगांवर नव्या हिमाचे पातळ पूल तयार होतात आणि ते भार पेलण्याइतके मजबूत नसतात. हिम थोडे म्हणून धोका थोडा, हा हिशेब चुकतो तो या सर्व कारणांनी.

युद्धातील पांढरा शत्रू

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा झडार्स्की यांनी वयाची ५८ वर्षे पूर्ण केली होती. मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरला आणि आल्प्सच्या शिखरांवर आघाडी उभी राहिली. ज्या उंचीवर हिवाळ्यात कोणी राहत नसे, तेथे हजारो सैनिकांना खंदक आणि बराकी बांधून राहावे लागले. त्यांतले अनेक जण सपाट प्रदेशातून आलेले होते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने झडार्स्की यांना पर्वतविषयक सल्लागार म्हणून बोलावले. तळ कोठे ठोकावा, रसद कोणत्या वाटेने न्यावी आणि उताराची पारख कशी करावी, हे ते सैनिकांना शिकवू लागले.

२८ फेब्रुवारी १९१६ रोजी कार्निक आल्प्सच्या भागात हिमस्खलनात सैनिक गाडले गेले. त्यांच्या शोधासाठी झडार्स्की गेले. ते काम चालू असताना दुसरे स्खलन आले आणि त्याने त्यांनाच गिळले. आपण वाचत नाही याची त्यांना जाणीव होती, तरी आत काय घडते आहे, याची नोंद त्यांचे मन घेत राहिले. हिमाचा वाढत जाणारा दाब, तोंडात साचलेला बर्फ आणि एकामागून एक मोडणारी हाडे, या साऱ्याचे वर्णन त्यांनी पुढे अलिप्तपणे लिहून ठेवले. हिमस्खलनाच्या वाङ्मयात या वर्णनाला आजही महत्त्वाचे स्थान आहे.

ते जिवंत हाती लागले, पण शरीराचा चुराडा झाला होता. हाडे मोडण्याच्या आणि सांधे निखळण्याच्या मिळून सुमारे ८० दुखापती त्यांना झाल्या होत्या. पाठीचा कणाही त्यातून सुटला नव्हता. त्या वेळी ते नुकतेच ६० वर्षांचे झाले होते.

या प्रसंगातून पुढच्या पिढ्यांनी घेतलेला धडा कठोर आहे. जो उतार एकदा कोसळला, त्याच्या वरच्या आणि बाजूच्या भागांत अजून हिम लटकत असू शकते. मदतीला धावणाऱ्याने आधी स्वतःच्या डोक्यावर काय आहे ते पाहावे, एकाला पहाऱ्यावर ठेवावे, पळून जाण्याची वाट ठरवावी आणि मगच खोदायला लागावे. हे सारे ठाऊक असलेला, युरोपातील सर्वोत्तम जाणकारांपैकी एक माणूसही त्या दिवशी सापडला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात या आघाडीवर याहूनही भयंकर घटना घडली. महिन्याच्या आरंभापासून डोलोमाइट्स पर्वतांत प्रचंड हिमवृष्टी झाली. त्यानंतर हवा एकाएकी उबदार झाली आणि पाऊस आला. १३ डिसेंबर १९१६ च्या पहाटे मार्मोलाडा शिखरावरून सुटलेल्या हिमाने ग्रान पोझ येथील ऑस्ट्रियन बराकींवर घाला घातला. अडीचशेहून अधिक सैनिक झोपेतच गाडले गेले. बराकींची जागा इटालियन तोफांच्या माऱ्यापासून सुरक्षित होती, पण वरच्या हिमापासून नव्हती. तेथील कप्तानाने आधीच तळ हलवण्याची परवानगी मागितली होती. ती वरिष्ठांनी नाकारली. हिवाळा नुकताच सुरू झाला होता. त्या दिवसांत आघाडीच्या दोन्ही बाजूंना हिमाने घेतलेल्या बळींची संख्या काही हजारांत गेली.

मोडलेल्या देहाचा अभ्यास

झडार्स्की पुन्हा उभे राहतील, अशी आशा कोणाला नव्हती. त्यांनी स्वतःच्या शरीराकडेही एक नवा प्रयोग म्हणून पाहिले. वाकडे झालेले अवयव सरळ करण्यासाठी त्यांनी स्वतः साधने बनवली, व्यायामाची पद्धत ठरवली आणि वर्षानुवर्षे ती पाळली. वेदनांनी त्यांची पाठ सोडली नाही, तरी ते चालू लागले आणि कालांतराने पुन्हा स्कीवर उभे राहिले.

१९२९ मध्ये हिमस्खलनशास्त्रावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अनेक हिवाळ्यांची निरीक्षणे, युद्धातील अपघात आणि स्वतःचा अनुभव त्यात एकत्र आला होता. शुभ्र आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या हिमाच्या रूपाला भुलू नये, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. वाऱ्याने दाबलेल्या थरांपासून ते विशेष सावध करीत. पर्वतात अडकून पडल्यास थंडी-वाऱ्यापासून बचाव करणारी हलकी पिशवीही त्यांनी तयार केली. जर्मन भाषक गिर्यारोहक तशा पिशवीला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

त्यांच्या पाठोपाठ हे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. जर्मनीत विल्हेल्म पाउल्के यांनी थरांच्या अंतर्रचनेचा अभ्यास केला. १९३६ मध्ये स्वित्झर्लंडच्या डाव्होसजवळ वाइसफ्लूयोख येथे हिमसंशोधनाला सुरुवात झाली. भारतात १९६९ मध्ये मनालीला हिम आणि हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. आज हे काम संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा भाग म्हणून चालते.

२० जून १९४० रोजी सांक्ट प्योल्टेन येथे झडार्स्की यांचे निधन झाले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. लिलिएनफेल्डमध्ये त्यांच्या स्मृतीचे संग्रहालय आहे.

आजच्या वाटसरूसाठी

झडार्स्की यांच्या काळात नसलेली साधने आज उपलब्ध आहेत. गाडलेल्या माणसाचा माग काढणारे संदेशयंत्र, हिमात खुपसून शोध घेण्याची लांब सळई आणि फावडे, ही तीन साधने प्रत्येकाजवळ असावीत, असा आता सर्वत्र दंडक आहे. गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता पुष्कळ असते. त्यानंतर ती वेगाने घटते. बाहेरून मदत येण्यास बहुधा याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा सोबत्यांनीच सोबत्याला वाचवायचे असते.

साधने मात्र स्खलन थांबवीत नाहीत. त्यासाठी जुनी शिस्तच कामी येते. निघण्यापूर्वी त्या भागाचा हिमस्खलनाचा इशारा पाहावा. ताज्या हिमवृष्टीनंतर, जोराच्या वाऱ्यानंतर किंवा एकाएकी उबदारपणा आला असता एक-दोन दिवस तीव्र उतार टाळावेत. पायाखाली हिम धप्पकन बसल्याचा आवाज आला किंवा पृष्ठभागावर तडे धावताना दिसले, तर त्याच क्षणी माघार घ्यावी. आजूबाजूला ताजी स्खलने दिसत असतील तर अधिक पुराव्याची वाट पाहू नये. धोक्याचा उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने ओलांडावा आणि इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. कड्याखाली किंवा घळीच्या तोंडाशी विश्रांतीला बसू नये, तंबू ठोकू नये.

महाराष्ट्राला हिमवर्षाव ठाऊक नाही, पण हिमस्खलनाचे दुःख परके नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९ हजार फुटांवरील चौकीवर हिमाची भिंत कोसळली आणि दहा जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांत सातारा जिल्ह्याचा एक सुपुत्र होता. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक सापडले आणि २९ जणांचा बळी गेला. पावसाळा नुकताच सरला होता आणि ते प्रशिक्षणासाठीच तेथे गेले होते. मुंबई-पुण्याहून डिसेंबरात हिमालयाच्या वाटा धरणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. सह्याद्रीतील घसाऱ्यावर पाय कसा टाकावा, हे त्यांतील अनेकांना चांगले समजते. हिमाचा घसारा मात्र वरून दिसत नाही. तो पांढऱ्या, गुळगुळीत थराच्या खाली असतो.

झडार्स्की यांच्या एका काठीचे तंत्र आज कोणी वापरत नाही. त्यांची बांधणी संग्रहालयात जमा झाली आहे. उताराला लागण्यापूर्वी थांबून वर पाहण्याची आणि शंका असेल तेव्हा परत फिरण्याची त्यांची शिकवण तेवढी जुनी झालेली नाही. शिखर पुढच्या आठवड्यातही जागेवरच असते. त्यासाठी आज परत फिरण्यात कमीपणा नाही, एवढे ज्याला उमगले तो पर्वतात पुष्कळ वर्षे चालू शकतो.